पुण्याहून दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर: आधी तिथी बघा, मग हॉटेल बुक करा

पुण्यात कुणाला कोकणात जायचं सुचलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हॉटेल कुठलं घेऊ? मला दर डिसेंबरात निदान पाच-सहा जण तरी हेच विचारतात आणि मी दर वेळी उलट विचारते की तारीख कुठली, त्या दिवशी तिथी काय आहे. लोकांना वाटतं मी मुहूर्त काढतेय. तसं नाहीये. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, तुम्ही बीचवरच्या हॉटेलात ज्या दोन दिवसांसाठी पैसे मोजताय त्या दोन दिवसांत बीच तुम्हाला किती वाजता मिळणार हे सगळं त्या तिथीवर ठरतं, आणि हे हॉटेलच्या फोटोत कुठेही दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन हरिहरेश्वरला गेलो होतो, तिला तिथली प्रदक्षिणा करायची फार इच्छा होती. निघायच्या आधी हॉटेलवाल्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला कधीही या, रस्ता चालूच असतो. आम्ही दुपारी बाराला देवळात पोचलो, पौर्णिमा होती, आणि जिथून चालत जायचं ती सगळी कातळाची वाट पाण्याखाली, लाटा वरच्या पायऱ्यांपर्यंत येत होत्या. आई वरूनच हात जोडून परत फिरली. गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही ती, मला मात्र फार लागलं.

तारीख ठरवताना

त्याच ट्रिपला दिवेआगरला ज्या घरगुती खाणावळीत जेवलो तिथल्या काकूंनी मला हा हिशोब शिकवला. पडवीत भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अगो, विचारायचंय काय त्यात, पाऊणकी येते ना तुला? आजची तिथी घे आणि पाऊणपट कर. चार पाऊण तीन, सहा पाऊण साडेचार, आठ पाऊण सहा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती." बस इतकंच. चतुर्थी असेल तर साधारण तीन वाजता भरती पूर्ण होणार, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नक्की वेळ पाहिजे असेल तर मोबाईलवर श्रीवर्धनचं भरतीचं टाइमटेबल बघून घ्या, पण दोन महिने आधी सुट्टी टाकताना हा पाऊणकीचा हिशोब पुरतो.

असं का होतं तर चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागे भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते म्हणून पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं, त्याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक सगळ्यात कमी असतो, तो भांग. जितका फरक जास्त तितकं पाणी जोरात आत-बाहेर वाहतं, हे पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं.

आता याचा उपयोग असा. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर पंचमी ते नवमी या दिवसांत पडणारा शनिवार-रविवार शोधा. समजा षष्ठी आहे, तर साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास ओहोटी. सकाळी नाश्ता करून ओहोटीत फिरायचं, दुपारी जेवून थोडं पडायचं आणि तीनला पाणी आत येत असताना मुलांना भिजायला न्यायचं. अष्टमीला सहाची भरती, तर चार ते साडेपाच हा डुंबायचा टाइम, ऊनही उतरलेलं. पौर्णिमेला याच्या उलटं, दुपारी बाराला समुद्र सगळ्यात वर आणि संध्याकाळी सहाला सगळ्यात लांब गेलेला, म्हणजे तुम्ही मुलांना घेऊन पाचला बीचवर जाता तेव्हा पाणी बाहेर ओढतंय. फिरायला, फोटोला, सूर्यास्ताला पौर्णिमा सुंदरच, किनारा एवढा रुंद होतो की चालतच राहावं, पण पाण्यात जायला ती संध्याकाळ मी घेणार नाही.

महिना म्हणाल तर मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात घामाने जीव नको होतो. मे मध्ये आंबे, फणस, जांभळं सगळं असतं पण दुपारी अकरा ते चार खोलीबाहेर पडवत नाही आणि गर्दी प्रचंड. पावसाळ्यात कोकण हिरवंगार असतं म्हणून जरूर जा, पण समुद्र बघायला जा, पाण्यात उतरायला नाही. तेव्हा वॉटरस्पोर्ट्स बंद असतात, आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते त्यामुळे ताजी सुरमई मिळेल अशी आशा धरून जाऊ नका.

कुठलं गाव

पुण्याहून दोन रात्रींसाठी मी हीच तीन गावं सांगते कारण रस्त्यात जाणारा वेळ कमी. तारकर्ली-मालवण सुंदर आहे पण एका बाजूने आठ-नऊ तास जातात, त्याला चार दिवस पाहिजेत. गणपतीपुळ्याला दर्शनाला जा, तिथल्या समुद्रात उतरू नका, तिथे खूप माणसं बुडालेली आहेत.

या तिघांत राहायला दिवेआगर. किनारा लांबलचक, साधारण चार किलोमीटर, सपाट, मागे सुरूचं बन आणि त्यामागे नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यातच बरीचशी हॉटेलं आणि घरगुती राहायची सोय. श्रीवर्धन मोठं गाव आहे, बाजार, दवाखाना, एटीएम, एसटी डेपो सगळं हाताशी, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. गाडी नसेल तर स्वारगेटहून श्रीवर्धनची एसटी पकडून तिथेच राहावं. हरिहरेश्वरला देऊळ आणि कातळ हे बघायचं, एक सकाळ पुरते, राहायचं असेल तर भाविकांची गर्दी गृहीत धरा.

एक गोष्ट मला इथे सांगायचीच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. काही तासांत पिढ्यानपिढ्या जपलेल्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, पण सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच, म्हणजे ज्याची वाडी गेली त्याचं उत्पन्न तेवढी वर्षं गेलं. मधल्या काळात घरं चालली ती आलेल्या पाहुण्यांवर, दोन खोल्या आणि खाणावळ यांच्यावर. म्हणून शक्य असेल तर गावातल्या माणसाच्या वाडीतच राहा. नुसतं चांगलं वाटतं म्हणून नाही, तिथे माहिती खरी मिळते, समुद्र रोज बघणारी माणसं असतात ती.

हॉटेलला फोन करताना

ऑनलाइन फोटो बघून खोली पसंत करा पण पैसे भरायच्या आधी एकदा फोन कराच. 'सी व्ह्यू' या शब्दावर जाऊ नका. दिवेआगरला समुद्र आणि हॉटेलच्या मधे सुरूचं बन असतं, त्यामुळे खोलीतून समुद्र दिसतो असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच ठिकाणी गच्चीच्या एका कोपऱ्यातून तो दिसतो. मी सरळ विचारते, खोलीच्या दारातून पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि मधे डांबरी रस्ता ओलांडावा लागतो का. मुलं असतील तर दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जमलं तर व्हिडिओ कॉलवर खोलीपासून बीचपर्यंत चालत दाखवा म्हणा, ज्याची जागा चांगली आहे तो आनंदाने दाखवतो.

मग लाइटचं विचारा. कोकणात लाइट जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी चालत नाही, त्याला जनरेटर लागतो. "बॅकअप आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका, कशाचा बॅकअप आहे ते विचारा. जानेवारीत रात्री छान गार असते, तेव्हा एसीचे जादा पैसे द्यायची काही गरज नाही. एप्रिल-मे मध्ये मात्र एसी घ्याच.

पाणी गोडं आहे का खारट हेही विचारून घ्या. समुद्राजवळच्या काही विहिरींना मचूळ पाणी असतं, आंघोळीला साबणाचा फेस होत नाही आणि समुद्रातून आल्यावर अंग चिकट ते चिकटच राहतं. जेवण हॉटेलात मिळतं का, शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, कारण सीझन सोडला तर गावात रात्री नऊनंतर सगळं शांत होतं. शाकाहारी माणसं असतील तर स्वयंपाक वेगळा होतो का हे आधीच मोकळेपणाने विचारलेलं बरं. खालच्या मजल्याची खोली, कमोड, आजीसाठी गरम पाणी किती वाजेपर्यंत, जादा गादीचे किती, हे सगळं एकाच फोनमध्ये उरकून घ्या आणि बोलणं झाल्यावर तेच व्हॉट्सॅपवर लिहून पाठवा, समोरच्याचं 'हो' आलं की मग ॲडव्हान्स टाका. ॲडव्हान्स टाकताना स्क्रीनवर येणारं नाव फोनवरच्या माणसाचं किंवा हॉटेलचं आहे ना ते बघा, नसेल तर थांबा आणि विचारा.

३१ डिसेंबर, होळी, दिवाळीची सुट्टी हे दिवस टाळता आले तर टाळा. तीच खोली मंगळवार-बुधवारी कितीतरी कमी पैशात मिळते, बीच रिकामा मिळतो आणि काकूंना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

सामान आणि रस्ता

सामानाचं थोडक्यात. पटकन वाळणारे कपडे दोन जोड जास्तीचे, जुनी पट्ट्याची चप्पल किंवा सँडल (कातळावर साधी स्लिपर घसरते), टोपी, पंचा, टॉर्च, ओडोमॉस, ओआरएस, बँडेज, आणि रोख पैसे. यूपीआय चालतं पण रेंज गेली की अडतं. जीन्स पाण्यात घालायला नेऊ नका, भिजल्यावर इतकी जड होते की माणसाला गुडघाभर पाण्यात उभं राहणं अवघड होतं. साडी-ओढणीचंही तेच, पायात अडकते.

दिवेआगर चांदणी चौकातून साधारण १६०-१७० किलोमीटर. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव, तिथून मोर्बा, साई, म्हसळा आणि बोर्ली पंचतन करून दिवेआगर. मधे एकदा चहा-नाश्ता धरून साडेचार-पाच तास. पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा, यात अजिबात आळस नको. पिरंगुटची गर्दी लागत नाही, घाटात समोरून गाड्या कमी असतात आणि मुख्य म्हणजे माणगाव नऊच्या आत ओलांडता येतं. माणगावला मुंबई-गोवा हायवे बाजारातून जातो, शनिवारी सकाळी दहानंतर तिथे अडकलात की तासभर गेलाच समजा.

टाकी पुण्यातच फुल करा. घाटात बराच वेळ रेंज नसते, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा आणि घरी सांगून ठेवा की दीड-दोन तास फोन लागणार नाही, उगाच घाबरायला नको. मुलांना गाडी लागत असेल तर पौडपर्यंत पोटात हलकंच काहीतरी, नाश्ता घाट उतरल्यावर. आणि पावसाळ्यात जात असाल तर निघायच्या आदल्या रात्री घाट चालू आहे ना याची बातमी बघा, दरडी पडतात, रस्ता बंद होतो. वळणावर गाडी थांबवून धबधब्यात जाऊ नका.

पोचल्यावर

खोली ताब्यात घेताना बॅगा उघडायच्या आधी पाच मिनिटं द्या. पंखा, एसी, गीझर चालू करून बघा, खिडकीची जाळी फाटली आहे का, दाराची कडी नीट लागते का, नळाचं पाणी जिभेवर एक थेंब टेकवून बघा. बदलून पाहिजे असेल तर तेव्हाच सांगा, रात्री सांगून काही होत नाही. मग मॅनेजरला किंवा घरच्यांना दोन प्रश्न: आज ओहोटी किती वाजता, आणि इथली माणसं पोहायला कुठे जातात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. गावातली माणसं जिथे उतरत नाहीत तिथे काहीतरी कारण असतंच.

आणि त्याच वेळी जेवणाची ऑर्डर देऊन टाका. घरगुती खाणावळीत आयत्या वेळी जाऊन मेन्यू कार्ड मागायचं नसतं. सकाळी किती माणसं, शाकाहारी किती, मोदक पाहिजेत का ते सांगायचं, त्याप्रमाणे नारळ खवला जातो, उकड काढली जाते. उकडीचे मोदक, बिरड्याची उसळ, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, हे जेवण हॉटेलातल्या पनीरपेक्षा दहापट चांगलं. मासे खाणाऱ्यांनी आज काय आलंय तेच विचारावं, पापलेट-सुरमईचा हट्ट धरू नये. त्या दिवशी उतरलेला बांगडा बर्फातल्या सुरमईपेक्षा कधीही गोड लागतो. स्वतः घेणार असाल तर कल्ले उचलून बघा, लालभडक पाहिजेत, डोळे स्वच्छ आणि फुगीर, आणि बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये.

पाण्यात उतरताना

इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण दर सीझनला पुण्याचीच मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्या वाचायला जीव धजत नाही.

भरती चढत असताना उतरायचं, भरती पूर्ण व्हायच्या आधी दोनेक तास हा टाइम चांगला. ओहोटी लागली की बाहेर यायचं. ओहोटीत पायाखालची वाळू सरकते आणि पाणी समुद्राकडे ओढतं, कमरेपर्यंत गेलेला माणूस नकळत छातीपर्यंत जातो. चढत्या भरतीत सुद्धा मुलांना गुडघ्यापर्यंत, मोठ्यांनी कमरेपर्यंत, आणि मुलांच्या आणि समुद्राच्या मधे एक मोठं माणूस उभं पाहिजे, किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. दारू पिऊन किंवा अंधार पडल्यावर पाण्यात जायचंच नाही, यात चर्चा नको. खाडीच्या तोंडाजवळ उतरायचं नाही, हरिहरेश्वरला सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे तर अजिबात नाही, वरून पाणी शांत दिसतं आणि खाली जोरात वाहत असतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा सपाट, गढूळसर, शांत दिसतो. पोहता न येणारे लोक मुद्दाम तिथे जातात, इथे लाटा नाहीत म्हणून. तोच पट्टा पाणी बाहेर घेऊन जाणारा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने पोहत बसू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी दमणारच. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून ओरडा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहा, पट्टा ओलांडला की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. दुसरं कुणी वाहत चाललं असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका, रिकामा कॅन, टायर, दोरी, लाइफ जॅकेट काहीतरी फेका आणि वॉटरस्पोर्ट्सवाल्यांना, कोळी बांधवांना हाक मारा, त्यांच्याकडे बोट असते. ११२ ला फोन लावा, ॲम्ब्युलन्सला १०८.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला, पाकट मासा वाळूत पडलेला असतो, चाहूल लागली की निघून जातो, त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा लागतो. जेलीफिश लागलं तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

वॉटरस्पोर्ट्सला बसताना जॅकेटचे सगळे बक्कल स्वतः ओढून बघा. बनाना राइडवाले शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, ते नको असेल तर बसायच्या आधीच स्पष्ट सांगा. आणि गाडी वाळूत नेऊ नका हो, प्लीज. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती थांबत नाही, ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलेलं असतं.

ओहोटीची सकाळ

पाण्यात न उतरता करायची सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे ओहोटीला ओल्या वाळूवर खाली मान घालून चालणं. वाळू उघडी पडली की नखाएवढे खेकडे बिळातून वर येतात, वाळू तोंडाशी नेऊन त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांच्या रेघा, कुठे सूर्यासारख्या कुठे पानासारख्या. पावलाची चाहूल लागली की सगळे एका क्षणात आत. दोन मिनिटं अजिबात न हलता उकिडवं बसा, आधी एक येतो, मग दहा, मग सगळा किनारा हलायला लागतो. माझी मुलगी अर्धा तास बसली होती, मोबाईल मागितला नाही. भरती आली की ती सगळी रांगोळी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला परत नवी.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच हिशोबाने करायची. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी देवळात पोचा, म्हणजे पाणी अजून उतरत असताना तुम्ही खाली असता आणि परत यायला वेळ हाताशी राहतो. दिवेआगरहून किनाऱ्याच्या रस्त्याने शेखाडीवरून श्रीवर्धन, आणि तिथून हरिहरेश्वर असा सव्वा-दीड तास धरा, रस्ता इतका देखणा आहे की थांबायला होतंच. एक लक्षात ठेवा, भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पूर्ण उतरत नाही, आणि वारा असेल तर लाटा कातळावर येतात. म्हणून देवळापाशी दुकानवाल्यांना, पुजाऱ्यांना विचारून मगच खाली उतरा. ते नको म्हणाले तर नको.

आईला परत घेऊन गेलो ते षष्ठीला. साडेनऊला देवळात, आधी दर्शन, मग पायऱ्या चढून पलीकडे. दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा, दोन्ही बाजूंना ओलसर गार दगड आणि समोर त्या फटीएवढाच समुद्र. खाली उतरल्यावर कातळाला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने अशी भोकं पाडलीत की मधाचं पोळं वाटावं. आई एक एक पायरी बसत बसत उतरली, मी पुढे, नवरा मागे. खालच्या कातळावर शेवाळ असतं, हिरवं दिसेल तिथे पाय ठेवू नका, खडबडीत काळ्या भागावरूनच चाला, आणि कडेच्या खडकावर सेल्फीला जाऊ नका, तिथून लाटेने ओढून नेलेली माणसं आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना हे जमेल का? आमची आई बहात्तर वर्षांची होती, हळूहळू पाऊण तासात झालं, पण काठी आणि दोन माणसं पाहिजेतच. वर आल्यावर ती देवळाच्या पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, आता मला चहा पाज.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात आणि एक दिवस जास्त असेल तर हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेश्वीला उतरा आणि वेळासला जा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण २००२ पासून होतंय, पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नसतं म्हणून आधी फोन करून जा, आणि निघाली तर दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश नाही, आरडाओरडा नाही, हात लावायचा नाही.

निघताना

रविवारी दुपारी तीन-चारला निघालात तर माणगावला सगळं कोकण तुमच्याबरोबर असतं. एक तर सकाळी शेवटची चक्कर मारून नाश्ता करून दहाला निघा आणि उशिराच्या जेवणाला घरी पोचा, नाहीतर सोमवारची सुट्टी टाका. ताम्हिणी अंधारात उतरणं-चढणं टाळा, धुकं असेल तर तर नकोच.

आमसुलं, कोकम आगळ, सुपारी, पोह्याचे-फणसाचे पापड हे गावातूनच घ्या, जिथे राहिलात त्या घरात विचारा, बहुतेक त्यांच्याकडेच असतं. आगळाची बाटली उभी ठेवा आणि तोंडाला प्लास्टिक बांधा, घाटात सांडलं तर डाग जात नाही. खोलीतला प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर पुण्याला आणा, गावात तो टाकायला जागा नाही आणि भरती तो वाळूतून उचलून घेऊन जाते. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, आणि ओले कपडे त्याच रात्री भिजत टाका, वाळू मशीनमध्ये जाऊ देऊ नका, आधी बादलीत दोनदा खळबळून घ्या.